दीड इंची खडी

माझ्या उजव्या गुडघ्यावर, वाटीच्या जरा खाली, एक निळसर डाग आहे. आठ वर्षांची होते, वडिलांच्या बावीस इंची सायकलवरून पडले, आणि रस्त्यावरचा काळा चुरा जखमेत राहून गेला तो कायमचाच. आईनं मिठाच्या पाण्यानं गुडघा धुतला, हळद दाबली आणि म्हणाली, "माझीच खडी लागली गं तुला."

खडी खरोखर तिचीच होती.

आमचं गाव पुरंदर तालुक्यातलं, डोंगराच्या कुशीतलं. सह्याद्रीचा माथा पश्चिमेला दिसतो. ढग तिकडंच मोकळे होतात आणि आमच्यापर्यंत पोचतो तो उरलासुरला पाऊस. १९७२ साली तोही आला नाही. विहिरींचे तळ दिसले, बैल मिळेल त्या भावाला गेले, आणि सरकारनं दुष्काळी कामं काढली. पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते, आणि रस्त्यांसाठी खडी. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसं राबत होती. त्यांत माझी आई होती, वयानं जेमतेम तेवीस वर्षांची. वि. स. पाग्यांच्या नावाशी जोडलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर रुजली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. कामाच्या हक्काला कायद्याचं बळ मिळालं त्याच्यामागं अशा लाखो बायकांचे हात आहेत, असं मी मानते.

मी तेव्हा चार वर्षांची. दोनच गोष्टी लख्ख आठवतात. मिलो ज्वारीची लालसर भाकरी, जी गिळताना घशाला घासायची. आणि आईच्या पुढ्यातलं टायरचं वेटोळं. वडिलांच्या सायकलचा झिजलेला टायर कापून तिनं वितीएवढं कडं केलं होतं. त्या कड्यात दगड बसवायचा, डाव्या पायानं कडं दाबायचं आणि वरून हातोडी घालायची. कड्यामुळं दगड निसटत नाही, कपची उडून डोळ्यात जात नाही. बायका ओळीनं बसलेल्या, डोक्यावर पदर, आणि दिवसभर तो एकच आवाज. संध्याकाळी मुकादम यायचा. ढीग मोजायचा, मस्टरवर अंगठे घ्यायचा. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. दगड मोठे राहिले की ढीग नापास, पुन्हा फोडा. दीड इंच म्हणजे किती, हे आईच्या डोळ्यांना पट्टीशिवाय कळायला लागलं ते तिथं.

ती खडी आमच्या गावापासून मोठ्या रस्त्यापर्यंत अंथरली गेली. वर मुरूम, मग पाणी, मग रोलर. गावात त्याला 'खडीकरण झालं' म्हणायचे, आणि ते म्हणताना आवाजात मान असायचा. याच रस्त्यावर मी सायकल शिकले. सीटवर बसलं तर पाय पोचत नव्हते, म्हणून दांडीखालून पाय घालून, तिरकी होऊन, अर्धं पायडल मारत. वडील त्याच सायकलला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन अडकवून डेअरीला जायचे. परत आले की सायकल माझी. पहिल्या पावसानं मुरूम वाहून जायचा आणि खाली खडी उघडी पडायची. चाक तिच्यावर नाचायचं. पुढं सासवडच्या शाळेत याच सायकलवरून गेले. रस्त्यातून अंगावर येणारी ती थरथर मला इतकी ओळखीची झाली होती, की डोळे मिटूनसुद्धा मी सांगितलं असतं, आता चिंच आली, आता ओढा.

मग पुणं, नोकरी, संसार. पंचवीस-तीस वर्षं सायकलला हात लागला नाही. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ग्रॅव्हल बाईक घेतली. दुकानातल्या मुलानं सांगितलं, ही खडीवर चालते, आणि मी तिथंच ठरवलं. हँडल शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं, पण टायर जाड, चाळीस मिलिमीटरचे, गाठींचे. आत ट्यूब नाही. एक पातळ द्रव असतो, काटा घुसला की तो भोक बुजवतो. बाभळीच्या मुलखात याचं मोल वेगळं सांगायला नको. हवा कमी ठेवायची, माझ्या वजनाला पस्तीस पीएसआयच्या आसपास. टायर टणक असला तर प्रत्येक दगडावर उडतो. मऊ असला तर दगड पोटात घेतो आणि पुढं सरकतो. खडीवर हँडल आवळायचं नसतं. पकड सैल, कोपरं वाकलेली, नजर लांब, आणि वळणावर पुढचा ब्रेक दाबायचा मोह टाळायचा. हे सगळं मला कुणी शिकवण्याआधीच येत होतं. दांडीखालून पाय घालून सायकल मारणाऱ्या पोरीला ते शिकावंच लागतं.

रविवारी पहाटे निघते. बोपदेव घाटात उजाडायच्या आतही गाड्या असतात. घाट चढून वर आले की पहिली संधी मिळताच डांबर सोडते. मग दोन-तीन तास एकही हॉर्न नाही. भिवरी, चांबळी, कोडीत, गराडे अशी मोठी गावं बाजूला ठेवत वाडीवरून वाडीला जाणारी पाणंद धरायची. सीताफळाच्या बागा, अंजिराच्या बागा. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बांधावर उभ्या माणसाला ते विचारलं तर तो आधी अंजीर हातावर ठेवतो आणि मग बोलतो. कऱ्हा इथंच गराड्याच्या बाजूला उगम पावते. उन्हाळ्यात तिचं पात्र सायकल उचलून ओलांडता येतं. एका उतारावर टायरखालची खडी सरकली आणि मी आडवी झाले, तेव्हा गोठ्यातली म्हातारी कळशी घेऊन धावत आली. हळद तिनंही आणली होती.

ही वाट इतकी शांत का, याचा विचार मी बरीच वर्षं केला नव्हता. पक्षी ऐकू येतात, मातीचा वास येतो, तेवढ्यानं मन भरायचं. मग एकदा एका वाडीतल्या शिक्षकानं समजावलं. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली, तेव्हा पक्क्या रस्त्यासाठी आधी लोकसंख्या बघितली गेली: सपाटीवर ५००, डोंगरी राज्यांत २५०. त्याच्या वाडीत चाळीस उंबरे. म्हणजे मला जी शांतता लाभते ती त्या वाडीच्या गणतीत कमी पडण्याची शांतता आहे. त्या दिवशी परतीच्या वाटेवर मी नीट सायकल चालवू शकले नाही. माझ्या भावजयीला बाळंतपणासाठी याच तालुक्यातल्या अशाच खडीवरून टेम्पोत घालून नेलं होतं. आई तिचं डोकं मांडीवर धरून बसली होती आणि प्रत्येक गचक्याला ड्रायव्हरला ओरडत होती.

इटलीत, टस्कनीत, पांढऱ्या मातीचे जुने रस्ते आहेत. त्यांच्यावर डांबर पडू नये म्हणून १९९७ मध्ये तिथं लेरोइका नावाची जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली आणि त्या रस्त्यांना जगभर नाव मिळालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, आपल्याकडंही असं व्हावं. आज असं सरसकट म्हणवत नाही. तिथल्या रस्त्यांची गोष्ट तिथली. त्या शिक्षकाच्या वाडीला डांबर हवं आहे आणि ते मिळालंच पाहिजे, माझी रविवारची वाट गेली तरी चालेल. 'रस्ता खडीकरण व डांबरीकरण करणे' असा निळा फलक कुठं नवा दिसला की मी आता थांबून त्याचा फोटो काढते आणि आईला दाखवते.

माझं दुःख वेगळं आहे. गेल्या वर्षी एका पाणंदीवर लोखंडी फाटक लागलं. आत प्लॉट पाडलेले, बाहेर पहारेकरी. तो म्हणाला, "मॅडम, इथून पुढं खाजगी." ज्या वाटेनं बैलगाड्या गेल्या, पालख्या गेल्या, पोरं शाळेत गेली, ती गावनकाशावर तुटक रेघेनं दाखवलेली असते. वहिवाटीचा रस्ता अडवला तर तो खुला करून देण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यानं तहसीलदाराला दिलेला आहे. त्या वाटेवर शेत असलेल्या दोन भावांनी अर्ज केला आहे, तारखा चालू आहेत. मी त्यांच्याबरोबर जाते. माझी जमीन नाही, पण या वाटेनं मी येत-जात होते हे सांगणारं एक माणूस तिथं वाढतं.

मागच्या पावसाळ्यात गावी गेले, तेव्हा मागच्या टायरच्या दोन गाठींमध्ये एक दगड अडकला होता. आई ओसरीवर वाटाण्याच्या शेंगा सोलत बसली होती. मी सायकल भिंतीला टेकवली. तिनं सूप बाजूला सारलं, उठून आली, अंगठ्यानं टायर दाबून बघितला.

"मऊ हाय."

"मऊच ठेवायचा असतो, आई."

"आमचा टायर पार गुळगुळीत होता. तवा तर कड्याला कापला." मग नखानं तो दगड उकरला, तळहातावर घेतला, फिरवून उजेडाकडं धरला. "दीड इंची," ती म्हणाली. "पर क्रशरची हाय. हाताची न्हाई."

"कशावरून?"

तिनं दगड माझ्या हातात दिला आणि त्याच्या कडेवरून माझं बोट फिरवलं. पातळ, लांबट, पात्यासारखी कड. "हातानं फोडलेली अशी निघत न्हाई. मुकादम घेत नव्हता असली."

"मग तुझी कुठं आहे?"

तिनं दारातल्या रस्त्याकडं बघितलं. त्या रस्त्यावर डांबर पडून पंधरा-सोळा वर्षं झाली. नुकतीच एसटी येऊन गेली होती, धूर अजून रेंगाळत होता.

"ती खाली हाय," आई म्हणाली, आणि सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.