४४ ग्रॅमची वाघीण

मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात, हे मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. मी टेबलावर वॅगनचं किट जोडत बसलो होतो आणि पप्पा मागून म्हणाले, "ही कसली वाघीण रे? हिला तर पोटच नाही."

खरंच नव्हतं. ती होती 'बोगी बोल्स्टर सी'. ब्रिटिश रेल्वेवर पोलाद वाहणारी, ४५ फूट लांब, ३० टन क्षमतेची. भिंती नाहीत, छप्पर नाही. नुसता लांब सांगाडा, त्यावर आडवे ठोकळे, म्हणजे बोल्स्टर, आणि माल बाजूला घसरू नये म्हणून कडेला उभे खुंट. सळया, गर्डर, प्लेटा या ठोकळ्यांवर ठेवायच्या आणि करकचून बांधायच्या. नाशिकरोडला फलाटावर थांबलात तर हिची इकडची बहीण दिसू शकते. अंगावर 'बीआरएन' लिहिलेलं असतं. बी म्हणजे बोगी, आर म्हणजे रेल, एन म्हणजे एअर ब्रेक.

मग ब्रिटिश का? कारण मला जोडायचं किट मिळालं ते ब्रिटिश वाघिणीचं. तिकडे हा छंद जुना आहे. त्यांचं प्रमाण १:७६, पण रूळ मात्र १६.५ मिलीमीटरचे, म्हणजे हिशेबापेक्षा अरुंद. आपला १६७६ मिलीमीटरचा ब्रॉडगेज त्याच प्रमाणात काढला तर रूळ २२ मिलीमीटरचे लागतील. मी इंजिनिअर असल्यामुळे या गणितावर एक अख्खा रविवार घालवला.

किट जोडून झालं, रंगवून झालं. छोट्या रुळावर इंजिनामागे लावलं आणि पहिल्याच सांध्यावर वाघीण घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. चाकं तपासली, सांधा तपासला. शेवटी मम्मीच्या किचनमधल्या काट्यावर ठेवली तर ४४ ग्रॅम. ही मॉडेलं करणाऱ्यांचा एक ढोबळ नियम आहे : एका अ‍ॅक्सलमागे २५ ग्रॅम. माझ्या वाघिणीला चार अ‍ॅक्सल, म्हणजे १०० ग्रॅम हवेत. बंद डबा असता तर आत वजन लपवता आलं असतं. हिला लपवायला जागाच नाही.

"मग माल टाक ना," पप्पा म्हणाले. "रिकामी कशाला पळवतोस?"

इथे थोडं मागचं सांगायला हवं. पप्पांनी अंबड एमआयडीसीत पॉवर प्रेसवर आयुष्य काढलं. मी बारावीला असताना त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून प्रेसमध्ये गेली. भरपाई मिळाली. त्यातून माझी इंजिनिअरिंगची पहिल्या वर्षाची फी भरली. हे घरात कुणी कधी बोलून दाखवलं नाही, पण मला तारखा जुळवता येतात. तेव्हापासून लग्नाच्या, वाढदिवसाच्या, कुठल्याही फोटोत पप्पांचा उजवा हात खिशात असतो. आणि मला घरातल्या कुठल्याही हत्याराला हात लावायची बंदी. साधा खिळा ठोकायचा तरी, "तू सरक, मी करतो."

त्या दिवशी त्यांनी माळ्यावरून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात कात्री, कानस, वर्निअर आणि एक मिलीच्या पत्र्याचे कटपीस होते. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती, पण कानशीला गंज नव्हता. म्हणजे ते अधूनमधून डबा काढून तेल लावत होते. मला माहीत नव्हतं.

"लांबी सांग."

"दीडशे मिली. रुंदी चोवीस."

त्यांनी पत्रा डाव्या हातात धरला, उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांत कात्री घेतली आणि रेघेवर सरळ चालवली. पहिली पट्टी झाली. दुसरीच्या वेळी त्यांनी कात्री माझ्यासमोर धरली.

"धर."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"धर म्हणतो ना. अंगठा बाहेर ठेव. घाई करू नको, पत्रा कुठं पळत नाही."

माझी पट्टी एका टोकाला वाकडी झाली. त्यांनी कानस फिरवून बर काढली, काहीच बोलले नाहीत. मी पट्ट्या एकावर एक ठेवायला गेलो तर हात धरला. "मधे लाकूड कोण ठेवणार? उतरवताना क्रेनचा पट्टा कुठून घालतील?" काडेपेटीच्या काड्या कापून त्यांनी मधे ठेवल्या. एक पट्टी २८ ग्रॅम, दोन ५६. वाघिणीसकट शंभर.

मी मोबाइलवर हिशेब केला. लांबी ७६ पट वाढली की वजन त्याच्या घनानं वाढतं, साधारण ४ लाख ३९ हजार पट. म्हणजे आमच्या ५६ ग्रॅमच्या पट्ट्या खऱ्या आकारात जवळपास २५ टन. तीस टनांच्या वाघिणीला शोभेल असा माल. आणि एक मिलीचा पत्रा तिथे तीन इंची प्लेट.

"तीन इंची?" पप्पा हसले. "आमचा प्रेसच आडवा झाला असता."

वाघीण सांध्यावरून गेली. खडखड करत, पण गेली. तीनदा फिरवून बघितली.

मग पप्पांनी ती उचलून उजव्या तळव्यावर ठेवली, डाव्या हातात फोन धरून फोटो काढला आणि कंपनीतल्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर टाकला. मी किचनमधून पाणी पीत बघत होतो. फोटोत वाघीण होती, पट्ट्या होत्या, काड्या होत्या आणि तो हात होता.

फोन टिंगटिंग वाजायला लागला.

"काय रे," त्यांनी चष्मा वर करत विचारलं, "किती टन म्हणालास?"

"पंचवीस."

ते एका बोटानं टाइप करत बसले.