आईची पत्रे : चिनी नाणी आणि आपली गावं

डोंबिवली, मंगळवार

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

मावशीकडे सुखरूप पोचले. दिवाळीच्या साठवलेल्या दोन हजारांत तुला चिनी नाण्यांचा संग्रह सुरू करायचा आहे, हे मिरजेहून निघाल्यापासून डोक्यात घोळत होतं. काल स्टेशनाबाहेर एका दुकानात लाल फितीत ओवलेली चौकोनी भोकांची तीन नाणी दिसली. 'दोनशे वर्षांची, अस्सल,' असं सांगून साठ रुपयांना दिली. ती फेंगशुईची निघाली. मावशीच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात, चाळीस वर्षं नाणी जमवतात. त्यांनी हातात घेताक्षणीच सांगितलं.

मग त्यांनी आपलं एक खरं नाणं शेजारी ठेवलं. खरं नाणं ओतीव. साच्यातून निघालं की चौकोनी सळईवर शेकडो नाणी ओवायची आणि कडा एकदम कानशीने घासायच्या. भोक चौकोनी असल्यामुळे नाणी सळईवर फिरत नाहीत. त्या घासण्याच्या बारीक रेघा भिंगातून कडेवर दिसतात. माझ्या तिन्हींच्या कडा गुळगुळीत, पितळ पिवळंधमक, अक्षरं मऊ. लोहचुंबकावर विसंबू नकोस, म्हणाले. सोंग राजवटीत लोखंडाचीही खरी नाणी होती. तू आधी भिंग घे. पैसे तसेच ठेव.

साठ रुपये वाया गेले असं मात्र मला वाटत नाही. तिन्हींवर च्येनलुंग बादशहाच्या (१७३६ ते १७९५) नाण्यावरची चार अक्षरं आहेत. आधी वरचं, मग खालचं, मग उजवं, मग डावं, असं ती वाचायची. तुझा पहिला धडा त्यांवरच गिरव.

तुझी,
आई

ठाणे, गुरुवार

चि. बाळास आशीर्वाद.

आज ठाण्याच्या किल्ल्यावरून गेले. आता तिथे कारागृह आहे. १७८७ मध्ये इथे खोदताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला, इसवी सन १०१७ चा. तारीख वाचली आणि मावशीच्या शेजारच्या त्या गुरुजींच्या वहीतला तक्ता आठवला : चीनमध्ये त्येनशी हे शक त्याच वर्षी सुरू झालं, आणि त्या नावाची नाणी १०२१ पर्यंत ओतली गेली. इकडे राजा तांब्यावर दानपत्र कोरून घेत होता, तिकडे त्याच साली तांब्याच्या मिश्रधातूतून हे नाणं ओतलं जात होतं. मला संग्रहाचा धागा इथेच सापडला.

ठाण्याचा चीनशी सरळ संबंधही आहे. १३२१ मध्ये इथे चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांच्या अस्थी ओदोरिक नावाच्या साधूने पुढे जहाजाने चीनमधल्या झैतून बंदरात नेल्या, म्हणजे आजच्या च्वेनचौला. त्या काळचं नाणं घ्यावं असं तुला वाटेल, पण तो हट्ट धरू नकोस. तेव्हा तिथे मंगोलांचं राज्य होतं आणि व्यवहार कागदी नोटांवर चाले. नाणी थोडी, म्हणून आज महाग. उलट सोंगांच्या टांकसाळी १०८० च्या सुमारास वर्षाला पन्नास लाख माळा ओतत, हजार नाण्यांची एक माळ. म्हणून हजार वर्षांचं नाणं शाळकरी मुलाच्या खिशाला परवडतं. जुनं म्हणजे महाग, हा समज काढून टाक.

तुझी,
आई

कल्याण, शनिवार

चि. बाळास आशीर्वाद.

काल अंबरनाथचं देऊळ पाहिलं. दगडात इतकं बारीक काम मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. त्यातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा. चीनमध्ये तेव्हा जियायू नाणी (१०५६ ते १०६३) चालू होती, आणि गुरुजींच्या मते ती सहज मिळणाऱ्यांपैकी आहेत. त्यांच्याकडे दुबार होती. दीडशेला एक, अशी दोन घेतली. एकावर अक्षरं नेहमीच्या वळणाची, दुसऱ्यावर मुद्रालेखाच्या वळणाची. एकच शक दोन लिप्यांत ओतण्याची सोंगांची रीत होती. ही जोडी जमवताना तू आपोआप वाचायला शिकशील.

आज खाडीवर दुर्गाडी किल्ल्यापाशी बसून लिहिते आहे. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या पुस्तकात हे बंदर आहे, कान्हेरीच्या लेखांत इथले दानशूर व्यापारी आहेत. त्या काळासाठी वूझू नाणं घे. ते इसवी सनपूर्व ११८ पासून इसवी सन ६२१ पर्यंत ओतलं जात होतं, म्हणून तेही स्वस्त. शेवटचा धागा आगगाडीचा : ठाण्याला पहिली आगगाडी आली १८५३ मध्ये. त्याच वर्षी चीनमध्ये बंडामुळे तांबं अडलं आणि श्येनफंग बादशहाने मोठ्या किमतीची नाणी काढली. ती मोठी सोडून दे, त्यांत नकली फार. त्याचं साधं लहान नाणं पुरे.

कल्याण, ठाणे, अंबरनाथ, आगगाडी : चार खुणांची चार प्रकारची नाणी. वर्षभर एवढीच. प्रत्येकाच्या पाकिटावर वजन, व्यास, कुणाकडून आणि केवढ्याला घेतलं ते लिही. जमिनीतून निघालेलं म्हणून कुणी काही विकू लागला तर हात लावू नकोस; १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांवरचा असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

उद्या रात्री निघते, सोमवारी सकाळी घरी. नाणी पाहून ती चिंचेने उजळावीशी वाटतील. तसं करू नकोस. हिरवट थर तसाच राहू दे.

तुझी,
आई