मामाचा लाल कोट

नांदेडला शिकत होतो तेव्हाची गोष्ट. वर्गातल्या मित्राच्या बहिणीचं लग्न होतं. परण्या निघाला आणि समोर लातूरचा बँड आला. लाल कोट, सोनेरी फीत, आणि पहिल्या ओळीत ट्रंपेट धरलेला माझा मामा. मी मंडपामागं, पाण्याच्या टँकरच्या आडोशाला जाऊन उभा राहिलो. मामाचं दुकान आहे, असं मी मित्रांना सांगून ठेवलं होतं. पंगती उठेपर्यंत बँडवाले रस्त्याकडेला बसून होते. मी तिकडं फिरकलो नाही.

पण मामानं वाजवलेलं एक गाणं डोक्यातून जाईना. हॉस्टेलवर मोबाइलमध्ये शोधलं तर १९५१चा 'अलबेला' निघाला. भगवानदादा, गीता बाली आणि पडद्यावरच झालरीचे शर्ट घालून वाजवणारी मंडळी. त्यातला ट्रंपेटवाला म्हणजे चिक चॉकलेट.

खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, गोव्यातलं हळदोणे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात तो जॅझ वाजवायचा. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. 'अलबेला'चे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. चिक त्यांच्याकडे अरेंजर होता.

अरेंजर काय करतो, हे मला तेव्हा कळलं. चाल एकाची असते. ती पुष्कळ जणांनी मिळून वाजवायची तर कोणी कधी उचलायचं, कोणी गप्प बसायचं, दोन ओळींमधली जागा कशानं भरायची, हे ठरवून प्रत्येकापुढं कागद ठेवावा लागतो. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरांना नोटेशन लिहाय-वाचायला शिकवत. मुंबईच्या स्टुडिओंना नेमके तेच हात हवे होते. पडद्यावर मात्र संगीतकाराचं नाव ठळक यायचं. अरेंजरचं आलंच तर 'सहायक' म्हणून. १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'त अमिताभ ज्या अँथनी गोन्साल्विसचं नाव घेऊन नाचतो, तोही खराखुरा माणूस. व्हायोलिन वाजवणारा, अरेंजर, प्यारेलालचा गुरू. आपल्याला ते पात्राचंच नाव वाटतं. चिक १९६७ मध्ये गेला.

दिवाळीला लातूरला गेलो. मामा कोटाची निघालेली फीत शिवत बसला होता. मी मोबाइल पुढं केला. त्यानं गाणं तीनदा ऐकलं. चष्मा वर करून म्हणाला, "ह्याचा मधला तुकडा लई वर हाय रे. आमच्या उस्तादांनी खाली आणला."

"का?"

"हा उभा राहून वाजवतोय. आपल्याला चालत वाजवायचं असतंय. उन्हात, दोन-दोन तास. वरचा सूर धरला तर मारुतीच्या देवळापर्यंत दम पुरतोय व्हय?"

मग त्यानं बोटांवर मोजून दाखवलं. ट्रंपेटवाला श्वास घेतो तेव्हा क्लॅरिनेटनं उचलायचं. वळणावर मागचे मागं राहतात, म्हणून तिथं नुसता ढोल. नवरदेवाच्या घोड्याजवळ झांज बंद. बारा माणसांची ही मांडणी कुठंच लिहिलेली नव्हती. ऐकून ऐकून बसवलेली.

"उस्तादांचं नाव काय होतं मामा?"

तो थांबला. "उस्तादच म्हणायचो सगळे."

कोट पुन्हा मांडीवर घेत, माझ्याकडं न बघता म्हणाला, "नांदेडच्या लग्नात टँकरमागं हुबा व्हतास ना?"

मी काहीच बोललो नाही.

"म्हणून तर मी तुझ्या बाजूला तोंड केलं नाही. दोस्त होते तुझे."

त्यानं दाताखाली दोरा तोडला. मी मोबाइल खिशात ठेवला आणि दुसऱ्या बाहीची फीत धरून बसलो. लग्नसराई तोंडावर आली होती आणि अकरा कोट अजून बाकी होते.