गुंडाचे दुकान आणि आमचा शौक

एडवर्ड जी. रॉबिन्सन म्हटले की जाणकारांना 1931 चा ‘लिटल सीझर’ आठवतो. आम्हांला आठवते बॅगांचे दुकान. ‘लार्सनी, इन्कॉर्पोरेटेड’ (1942) मध्ये तुरुंगातून सुटलेले हे महाशय बँकेच्या शेजारचे दुकान विकत घेतात. इरादा एकच, तळघरातून भुयार खोदून तिजोरी गाठायची. पण गिऱ्हाइके येतच राहतात! खाली खोदकाम चालू आणि वर हजरत वैतागून बॅगा कागदात गुंडाळताहेत. गल्लीतले दुकानदार त्यांना आपला माणूस समजू लागतात, धंदा वाढतो, चोरी लांबत जाते.

‘अ स्लाइट केस ऑफ मर्डर’ (1938) तर याहून बहारदार. दारूबंदीत चोरटी बिअर विकून गब्बर झालेला रेमी मार्को 1933 मध्ये बंदी उठताच सरळमार्गी व्यापारी होतो. आता त्याची भिकार बिअर कोणी घेईना. ती भिकार आहे हे त्याला ठाऊकच नाही, कारण तो स्वतः पीत नाही आणि सांगायची कोणाची छाती नाही. हा न पिणारा दारूवाला ऐकून आमच्या शाळेतले अरबीचे मौलवीसाहेबही हसले होते.

1934 पासून हॉलिवूडची नीतिसंहिता कडक झाली. गुन्हेगाराचे भले झालेले दाखवायचे नाही! गंभीर गुंडपटांत ही तौबा बहुधा शेवटी चिकटवलेली वाटते. इथे तीच गमतीचे मूळ आहे, म्हणून आम्हांला ती जास्त खरी वाटते.

असे चित्रपट आपल्याकडे टीव्हीवर क्वचितच लागतात. वॉर्नरने 2006 आणि 2008 मध्ये गुंडपटांचे डीव्हीडी संच काढले, त्यांत हे आले. चित्रपटाआधी त्या काळचे वार्तापट, कार्टून, लघुपट, म्हणजे जुन्या थिएटरात बसल्याचा आनंद. पण डिस्क अमेरिकेच्या, रीजन 1 च्या, आणि आपल्याकडचे प्लेअर रीजन 5 चे. मास्तरच्या पगारात आधी डिस्क, मग तिच्यासाठी वेगळा प्लेअर. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला, असा घरून शेरा आला.

2006 ते 2008 या काळात बनलेल्या काही डिस्क आपोआप खराब होत असल्याचे 2025 मध्ये वॉर्नरने मान्य केले. नेमकी आमच्या संचांची वर्षे! तेव्हापासून मे महिन्याच्या सुट्टीत एकेक डिस्क शेवटपर्यंत लावून पाहतो. यंदा आतापर्यंत सगळ्या चालल्या. ‘ब्रदर ऑर्किड’ तेवढा बघायचा राहिला आहे.