एका कौलात एकच प्रश्न

मालवण तालुक्यातल्या आचरा गावात दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. श्री देव रामेश्वराचा कौल मिळाला की अख्खं गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं. गुरं, कोंबड्या, कुत्री, म्हातारी माणसं, सगळे. माळावर झोपड्या, तिथेच चूल, तिथेच रात्रीची भजनं. मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते परत येणं. चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावतात आणि तो मिळाला नाही तर मुक्काम वाढतो. म्हणजे घराला कुलूप लावून निघताना आपण परत नेमके कधी येणार, हे कुणालाच पक्कं माहीत नसतं. तरी सगळे निघतात.

आमचं गाव तिथून फार लांब नाही. आमच्याकडे गावपळण नाही, पण कौल आहे. कोकणाबाहेरच्यांसाठी सांगतो: देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो आणि मग सगळे बघत बसतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कुठलीच पडली नाही तर बसून राहायचं. जमीन, लग्न, विहीर, दुकान, आजारपण, सगळ्यासाठी कौल लागतो.

2023 च्या पावसाळ्यात मला म्युनिकच्या एका कंपनीची ऑफर आली. तेव्हा मी पुण्यात होतो, हिंजवडीत. आई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि बाबा गावात एकटे. आदल्याच वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. पुण्याहून गाव एका रात्रीच्या बसवर. म्युनिकहून विमान, पुन्हा विमान, मग गाडी. मी एक्सेल शीट केली. पगार, भाडं, टॅक्स, तिकिटं. 'बाबा' या ओळीत कुठला आकडा टाकायचा ते कळेना, म्हणून ती ओळ तशीच रिकामी राहिली. फोनवर विचारलं की बाबा म्हणायचे, "माका काय होवचा नाय. तू तुझा बघ." आणि मग, "देवीक इचारूया."

माझा देवीवर विश्वास आहे. लहानपणापासून आहे, इंजिनिअरिंगच्या चार वर्षांनी त्याला काही केलं नाही. पण ओली कळी कधी पडते, हा पाण्याचा, कळीच्या वजनाचा आणि दगडाच्या उताराचा मामला आहे हेही मला दिसतं. या दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी-शेजारी राहतात आणि फारशा भांडत नाहीत.

सोमवारी देवळात गेलो. दहा-बारा माणसं होती, बहुतेक भावकीतली. गुरवकाकांनी विचारलं, काय विचारायचंय? मी म्हटलं, जर्मनीला जाऊ का, आणि बाबांचं नीट होईल ना?

"ह्ये दोन प्रश्न झाले," काका म्हणाले. "एका कौलात एकच. खयचो इचारतंस?"

मला उत्तर देता येईना. महिनाभर मी ज्याला एक निर्णय समजत होतो तो दोन होता, हे मला तिथे, ओल्या फरशीवर उभं राहून कळलं. मग बाबाच पुढे झाले आणि काकांच्या कानाशी काहीतरी बोलले. काकांनी गाऱ्हाणं सुरू केलं. ह्येचो झील परमुलखात जाता हा, म्हाराजा. घरात ह्यो एकटो. राती-अपराती काय झाला तर धावान येवक कोण नाय, ह्येचा ह्येका भय वाटता. झिलाक वाट दी आणि ह्येका माणसा दी. आणि दहा-बारा गळ्यांतून एकदम आलं, "व्हय म्हाराजा."

भय वाटतं, हे बाबा मला कधीच बोलले नव्हते. फोनवर तर नाहीच.

वीसेक मिनिटांनी उजवी कळी पडली.

कौल हा शब्द मुळात अरबी. शिवकाळात आणि पुढे पेशवाईतही उजाड पडलेल्या गावात रयतेने परतावं म्हणून कौल देत. सुरुवातीची काही वर्षं सारा कमी, मग दरसाल थोडा-थोडा वाढवत नेऊन पूर्ण. त्याला इस्तावा म्हणत. म्हणजे कौल हे अभय होतं, हवामानाचा अंदाज नव्हे. पाऊस पडेल असं त्यात कोणी लिहून देत नसे आणि नांगर रयतेलाच धरावा लागे. देवीच्या कौलाकडे आपण मात्र निकाल म्हणून बघतो.

माझ्या एका चुलतभावाला होम-स्टेसाठी कर्ज काढायचं होतं. उजवा कौल मिळाला. 2020 च्या जानेवारीत खोल्या तयार झाल्या आणि मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. पुढची दोन वर्षं तो हप्ते कसे भरत होता ते मला माहीत आहे. मी त्याला एकदा जरा खवचटपणेच विचारलं, देवीने तर हो म्हटलं होतं ना? तो म्हणाला, "देवीन कर म्हटल्यान. फायदो होतलो असा खंय सांगल्यान?"

सगळंच असं सुंदर आहे असं नाही. कौल कोणी लावायचा, मान कुणाचा, यावरून आमच्याच गावात दोन भावक्या वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. एका आत्याचं शिक्षण डाव्या कौलाने थांबलं. तिचा प्रश्न तिला कुणी मांडू दिला नव्हता, तो आजोबांनी मांडला होता. गाऱ्हाण्यात काय बोलायचं हे ज्याच्या हातात, त्याच्याच हातात बरंच काही असतं.

मी गेलो. दुसऱ्या हिवाळ्यात एका रात्री बाबांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांनी मला फोन केला नाही, होम-स्टेवाल्याला केला. त्याने पंधरा मिनिटांत रिक्षा आणली आणि कणकवलीला नेलं. ॲसिडिटी निघाली. मला सकाळी कळलं. मी त्याचे आभार मानायला लागलो तर तो वैतागला. त्या दिवशी देवळात व्हय म्हाराजा म्हणणाऱ्यांत तोही होता, आणि त्याच्या दृष्टीने विषय तिथेच संपला होता.

आता ब्लू कार्डवाल्याला बी१ पातळीचं जर्मन येत असेल तर 21 महिन्यांनी कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. माझे महिने भरलेत, परीक्षाही झाली. अर्ज करायचा की परत जायचं, हे मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, गणपतीत ये, देवीक इचारूया, पण ह्या खेपेक प्रश्न तू घाल.

फोनमधल्या नोट्समध्ये तो लिहितोय. आतापर्यंत चार वेळा लिहिला. प्रत्येक वेळी मधे कुठेतरी एक 'आणि' येतो.