मुंबई-नागपूर : सरळ रेषेत ६८० किलोमीटर

प्रत्येक ऑफिसात एक तरी नागपूरकर असतोच. पोह्यांवर तर्री मागणारा, मुंबईच्या उकाड्याला ‘हा काही उन्हाळा आहे का?’ म्हणणारा आणि दिवाळीच्या दोन महिने आधीपासून विमानाचे रेट चेक करत बसणारा. मी त्यातलीच एक. ‘घर किती लांब आहे गं तुझं?’ असं कुणी विचारलं की मी गोंधळते. कारण याची उत्तरं बरीच आहेत.

पहिलं उत्तर नकाशाचं. मुंबई विमानतळावर एक टाचणी टोचा, नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर दुसरी आणि मध्ये दोरा ताणा. साधारण ६८० किलोमीटर. वैमानिकांच्या भाषेत जेमतेम ३७० नॉटिकल मैल. तेच रेल्वेने ८३७ किलोमीटर. जेट विमानाला हे हवेतलं काम तासाभराचं. मग तिकिटावर दीड तास का छापलेला असतो?

आधी समुद्र, मग नागपूर

विमानाला वाऱ्याकडे तोंड करून उडायला आवडतं आणि मुंबईत वारा बहुतेक वेळा समुद्राकडून येतो. त्यामुळे जायचं पूर्वेला असलं तरी टेक-ऑफ बहुधा पश्चिमेला. म्हणजे विदर्भात निघालेला माणूस आधी जुहूचा किनारा आणि अरबी समुद्र बघून घेतो, मग वळसा मारून घराच्या दिशेला लागतो. त्यात मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. दोन्हींवरून एकाच वेळी विमानं सोडता येत नाहीत. मग काय, रांग! सिग्नलला रिक्षा थांबाव्यात तशी विमानं एकामागे एक उभी. ती रांगसुद्धा त्या दीड तासातच धरलेली असते.

खिडकीतला महाराष्ट्र

माझा फंडा सोपा आहे : खिडकी सोडायची नाही. नकाशावरची ती सरळ रेषा कुठून जाते माहितीये? थेट हरिश्चंद्रगडाजवळून! वीकेन्डला तिथे ट्रेकला जाणाऱ्यांनो, कोकणकडा चढताना निघालेला घाम आठवा. वरून जाताना तो अख्खा डोंगर दोन-तीन मिनिटांत मागे पडतो. पुढे रेषा शिर्डीच्या थोडी दक्षिणेकडून छत्रपती संभाजीनगरवर येते, मग मेहकर, कारंजा करत नागपूरला टेकते. विमान दरवेळी नेमकं याच रेषेवरून जाईल असं नाही, हवाई मार्ग ठरलेले असतात. पण खालचं चित्र साधारण हेच.

पावसाळ्यानंतर सह्याद्री हिरवागार दिसतो. घाट ओलांडला की रंग बदलतो. चौकोनी शेतं, काळी माती, मध्येच चमकणारं एखादं धरण. हवा स्वच्छ असेल तर जाताना उजव्या बाजूला लोणार शोधा. उल्केच्या आघातानं झालेलं, पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचं विवर रेषेपासून तीसेक किलोमीटरवर आहे. मला ते आजवर एकदाच दिसलं. शेजारचे काका तेव्हा झोपले होते, नाहीतर हलवून दाखवलं असतं.

अंतर सारखं, वेळ वेगळी

आता दुसरं उत्तर. दोन वर्षांपूर्वी रात्री अकराला आईचा फोन आला. बाबांच्या छातीत दुखत होतं आणि डॉक्टरांनी सकाळी अँजिओप्लास्टी ठरवली होती. विदर्भ एक्स्प्रेस केव्हाच सुटली होती. पहाटेच्या विमानाचं एक तिकीट मिळालं. माझ्या वाट्याच्या घरभाड्यापेक्षा महाग. बाबांना आत नेण्याआधी दहा मिनिटं मी त्यांच्या कॉटपाशी होते. ‘आली का बेटा?’ एवढंच म्हणाले.

शेजारच्या कॉटवर आणखी एक काका होते. त्यांचा मुलगा पुण्याहून रात्रीच्या बसनं निघाला होता. तो पोहोचला तेव्हा दुपार झाली होती आणि काकांचं ऑपरेशन उरकलं होतं. सगळं नीट झालं, पण त्याचा चेहरा अजून आठवतो. घरापासून आम्ही दोघं साधारण सारख्याच अंतरावर राहत होतो. फरक होता तो एका तिकिटाचा. तेव्हापासून ‘मुंबई-नागपूर दीड तास’ ही जाहिरात वाचली की मी मनात पुढे जोडते : ज्याला परवडतं त्याला.

मध्यरात्रीचं टपाल

तातडीचं काही विमानानं नागपूरला आणायचं, ही कल्पना मात्र जुनीच. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून टपाल घेऊन विमानं निघायची, मध्यरात्री नागपुरात भेटायची, पिशव्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. देशाच्या मधोमध असल्याचा हा फायदा! १९७३ मध्ये ही सेवा बंद झाली. बाकीचा देश झोपलेला असताना सोनेगाव जागं असायचं.

आता रस्तासुद्धा रेषेच्या मागे लागलाय. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. तो भिवंडीजवळच्या आमण्यातून सुरू होतो, म्हणजे मुंबईतलं ट्रॅफिक वेगळं मोजायचं. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झालाय. तिथून नागपूरची सरळ रेषा पंधरा-सोळा किलोमीटरनं कमी भरते. पनवेलकरांची मजा आहे, बोरिवलीकरांनी मात्र घर ते विमानतळ हिशेब आधी करावा.

जाता जाता

- मुंबईहून जाताना लोणारसाठी उजवी खिडकी, म्हणजे एफ सीट. परतताना ए.
- नागपूरचं हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरात असतं. १९५३ च्या नागपूर करारामुळे सरकार तिकडे जातं आणि तिकिटं महागतात. बुकिंग आधीच करा.
- घाई नसेल तर विदर्भ एक्स्प्रेस. वेळ १४ तासांच्या आसपास, पण निम्मी झोपेत जाते.
- आणि घरच्या तातडीसाठी एका तिकिटाचे पैसे कायम बाजूला ठेवा. सेलमध्ये त्यांना हात लावायचा नाही.