तापीपलीकडचं ऊन पाणी (लेखांक दुसरा)

शुक्रवार, वाळूज ते जळगाव

आमच्या प्लेटिंग शॉपमधली डिग्रीजिंगची टाकी साठ अंशांवर ठेवायची तर हीटर सतत चालू लागतो आणि विजेचं बिल आलं की मालकाचा चेहरा उतरतो. त्यामुळे फुकट तापणाऱ्या पाण्याचं कौतुक आम्हा वाळूजकरांना जरा जास्तच. मागच्या लेखांकात वज्रेश्वरी झाली. त्यावर काही वाचकांनी विचारलं, लडाखच्या वाळवंटातले झरे कधी? पनामिक, चुमाथांग, पुगा ही नावं वहीत आहेत. पुग्याच्या खोऱ्यात चौदा हजार फुटांवर पाणी पंच्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं आणि तिथल्या जमिनीखालच्या उष्णतेवर वीज करायचा करार ओएनजीसीने २०२१ साली केला. जायचं आहेच. पण लेहला जायला लागते तेवढी रजा प्रॉडक्शनचा माणूस देत नाही. तो जेवढी देतो तेवढ्यात खानदेश होतो.

रात्रपाळी संपवून एसटीत बसलो. फुलंब्री, सिल्लोड, अजिंठ्याचा घाट, फर्दापूर, पहूर. घाटापर्यंत झोपेतच होतो, त्यामुळे लिहिण्यासारखं काही नाही. जळगावला मेव्हण्याकडे उतरलो. दाजी म्हणाले, "उनपदेवला? आता पौषात? अहो, पाण्यापेक्षा माणसं जास्त दिसतील."

शनिवार, अडावद आणि उनपदेव

जळगावहून चोपड्याकडे जाणारी गाडी विदगावच्या पुलावरून तापी ओलांडते. पूल संपला की दोन्ही हातांना केळी. थंडी बोचरी होती. शेजारी बसलेल्या शेतकऱ्याचा जीव मात्र वेगळ्याच काळजीत होता. पारा असाच उतरत राहिला तर केळीवर चरका पडतो, वाढ थांबते, म्हणून रात्री बांधावर काडीकचरा पेटवून धूर करायचा. त्याच्या बागेपासून काही मैलांवर जमीन स्वतःहून गरम पाणी सोडते आणि हा माणूस रात्रभर शेकोटी राखतो!

धानोऱ्यानंतर अडावद. तिथून उत्तरेला सातपुड्याचा पायथा धरायचा. केळी मागे राहतात, साग सुरू होतो, तोही पानगळीला लागलेला. जमीन कोरडी, मुरमाड. रिक्षात माझ्याबरोबर एक पावरा कुटुंब होतं. त्यांतल्या म्हाताऱ्या बाईंचे गुडघे धरलेले. दरवर्षी येतो, म्हणाल्या. बरं वाटतं का, विचारलं. "आठ दिवस वाटतं, भाऊ."

इतकं नेमकं उत्तर मला कुठल्या जाहिरातीत सापडलेलं नाही. ऊन पाण्यात सांधे सैल होतात, रक्त खेळतं, दुखणं काही काळ उतरतं. त्यापुढे पाण्याची जबाबदारी नाही.

उनपदेवला पोहोचल्यावर गोमुखातून पडणाऱ्या धारेखाली बोट धरलं आणि लगेच मागे घेतलं. कुंडात मात्र पाय सोडवले. शरभंग ऋषींना कातडीचा रोग झाला होता, रामाने बाण मारून हे पाणी काढलं, अशी इथली कथा. शेजारी उभे असलेले एक मास्तर म्हणाले, खाली ज्वालामुखी आहे. कथेपेक्षा मला हेच जास्त खटकलं. आपल्या काळ्या पाषाणाचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची ऊब केव्हाच विझली. खरी गोष्ट अशी की डोंगरावर पडलेला पाऊस भेगांमधून खोल मुरतो. दर किलोमीटरला जमीन साधारण पंचवीस-तीस अंशांनी तापत जाते. तेवढ्या खोलवर तापलेलं पाणी दुसऱ्या एखाद्या भेगेतून वर येतं. तापीचं खोरं अशा मोठ्या भ्रंशांवरच बसलेलं आहे. सोन, नर्मदा आणि तापीच्या याच पट्ट्यात आपली सालबर्डी येते, छत्तीसगडचं तत्तापानीही येतं. म्हणजे बाण लागला तो भेगेला, असं म्हटलं तर मास्तर आणि पुजारी दोघांचंही भागेल.

उनपदेव एकटा नाही. जवळपास सुनपदेव आहे, निझरदेव आहे. इंग्रजांनी १८८० साली छापलेल्या खानदेशच्या गॅझेटियरमध्येही या झऱ्यांची नोंद आहे.

रविवार, पुन्हा कुंडावर

दाजींचं गर्दीबद्दलचं म्हणणं काल दुपारी पटलं होतं, म्हणून आज उजाडायच्या आत गेलो. गार हवेत पाण्यावर वाफ उभी होती. दहा-बारा माणसं, बहुतेक म्हातारी. कोणी बोलत नव्हतं. कालचा बाजार तो हाच का, असं वाटावं. मग एक कुटुंब आलं, साबणाची वडी निघाली, शाम्पूच्या पुड्या निघाल्या आणि फेस थेट कुंडात. आमच्या शॉपमध्ये वापरलेलं पाणी ते शुद्ध करणाऱ्या ईटीपीतून गेल्याशिवाय बाहेर सोडता येत नाही. इथे देवाच्या पाण्याला तेवढाही मान नाही. मी एकदा सांगून पाहिलं. "सगळेच लावतात," असं उत्तर आलं, आणि ते खोटंही नव्हतं.

परतताना अडावदला भरीत-पुरी. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं हिरवं वांगं, वरून कांद्याची पात आणि हिरवी मिरची. वाळूजच्या खाणावळीत खानदेशी भरीत म्हणून जे ताटात पडतं, त्याबद्दल यापुढे न बोललेलं बरं.

ज्यांना जायचं आहे त्यांनी पौषातले शनिवार-रविवार टाळावेत, मधल्या वारी पहाटे पोहोचावं. अंगावर चट्टे, जखमा असतील तर आधी डॉक्टरांना दाखवावं आणि कुंडात उतरू नये. साबण घरी ठेवावा. पुढच्या लेखांकात सालबर्डी.